‘एफ. मेंडेल्सोन’ म्हणजे नेमके कोण? फॅनी हेन्झेल आणि एका सोनाटाचा हरवलेला पत्ता

८ मार्च २०१७ रोजी लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये सोफिया गुल्याक या पियानोवादिकेने ‘ईस्टर सोनाटा’ नावाची पियानोची मोठी रचना वाजवली आणि बीबीसीच्या रेडिओ ३ वाहिनीने ती श्रोत्यांपर्यंत पोहोचवली. रचना नवी नव्हती, १८२८ साली लिहिलेली होती. १९७०च्या दशकात तिची ध्वनिमुद्रिकाही निघाली होती आणि त्या मुद्रिकेवर रचनाकार म्हणून फेलिक्स मेंडेल्सोन या प्रसिद्ध जर्मन संगीतकाराचे नाव होते. या वेळी मात्र ब्रिटनमध्ये ती पहिल्यांदाच तिच्या खऱ्या रचनाकर्तीच्या नावाने वाजली. ही रचनाकर्ती म्हणजे फेलिक्सची थोरली बहीण फॅनी मेंडेल्सोन, लग्नानंतरची फॅनी हेन्झेल.

ही गोष्ट अनेकदा ‘भावाने बहिणीचे संगीत चोरले’ अशा एका वाक्यात सांगितली जाते. ते वाक्य सोपे आहे, पण खरे नाही, आणि त्याच्यामुळे खरे कारण झाकले जाते. जिला उत्तम शिक्षण मिळाले, जिच्या घरी दर आठवड्याला मैफली होत, जिचे वादन ऐकायला युरोपातले नामवंत येत, अशा बाईची एवढी मोठी रचना तिच्या नावावरून निसटते कशी आणि एकशे ऐंशीहून अधिक वर्षांनी पुन्हा तिच्या नावावर लागते कशी, हे समजून घ्यायचे असेल तर थोडे मुळापासून सुरू करावे लागेल.

संगीत राहते कुठे?

आपल्याकडे बंदिश गळ्यात राहते. गुरूकडून शिष्याकडे ती ऐकून जाते, आणि कागदावर काही उतरवलेच तर ते आठवणीला आधार म्हणून. पाश्चात्त्य अभिजात संगीतात व्यवस्था निराळी आहे. तिथे रचनाकार एकेक स्वर, त्याची लांबी, त्याचा जोर कागदावर लिहून ठेवतो आणि वादक ते लिखाण वाचून वाजवतो. लिहिलेले छापले गेले, की ते दुकानात मिळते, दूरच्या गावातला अनोळखी वादक ते विकत आणतो आणि रचनाकाराला कधीही न भेटता त्याचे संगीत वाजवू शकतो. म्हणून तिथे प्रकाशन हा मानाचा भाग कमी आणि जगण्याचा भाग जास्त असतो. छापलेल्या कृतींना प्रकाशनाच्या क्रमाने जो आकडा दिला जातो त्याला ‘ओपस’ म्हणतात, आणि ज्या संगीताला ओपस क्रमांक नाही ते बहुतेक वेळा घरातल्या पेटाऱ्यातच राहते.

इथे आणखी एक फरक लक्षात घेतला पाहिजे. अभंगाच्या शेवटच्या चरणात ‘तुका म्हणे’ किंवा ‘म्हणे नामयाची जनी’ अशी नाममुद्रा असते. गाणारा कोणीही असो, गाता गाता तो कवीचे नाव घेतोच. म्हणूनच जनाबाईचे अभंग नामदेवांच्या गाथेत जतन झाले तरी तिचे नाव त्यांच्याबरोबर चालत आले. पियानोच्या रचनेत अशी सोय नाही. रचनाकाराचे नाव फक्त पहिल्या पानावर असते, स्वरांच्या आत कुठेही नसते. ते पान फाटले, किंवा त्यावरचे नाव अर्धवट असले, की रचना निनावी होते.

शेत कसणारी बाई एक आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचे, ही परिस्थिती आपल्याला परकी नाही. पेरणी, खुरपणी, राखण सगळे गावाने पाहिलेले असते आणि शेत कोण कसते हे कोणालाही विचारले तरी कळते. पण ती पाहणारी माणसे गेली, की पुढच्या पिढीसमोर कागद तेवढा उरतो. फॅनीच्या बाबतीत नेमके हेच झाले. तिच्या काळातल्या बर्लिनला ती कोण आहे हे पक्के ठाऊक होते, पण कागदावर ते आले नव्हते.

बँकरच्या घरातली दोन मुले

फॅनीचा जन्म १४ नोव्हेंबर १८०५ रोजी हँबर्गमध्ये झाला. वडील अब्राहम मेंडेल्सोन बँकर होते आणि आजोबा मोझेस मेंडेल्सोन हे जर्मनीतले नामांकित ज्यू तत्त्वज्ञ होते. आई लेआ स्वतः चांगली पियानो वाजवत असे, आणि मुलगी जन्मली तेव्हाच तिची बोटे बाख या थोर जर्मन रचनाकाराचे फ्यूग वाजवण्यासारखी आहेत असे तिने म्हटल्याची आठवण घरात सांगितली जाई. फ्यूग म्हणजे अशी रचना, जिच्यात एक आवाज एक छोटी चाल सुरू करतो, मग दुसरा आवाज तीच चाल उचलतो, पण पहिला थांबत नाही. तो पुढे काही निराळेच गात राहतो, मग तिसरा येतो. भजनात एका बाजूच्या टाळकऱ्यांनी सोडलेला चरण दुसऱ्या बाजूने उचलावा, पण पहिल्या बाजूनेही गाणे चालूच ठेवावे आणि तरी सगळे जुळून यावे, अशी कल्पना केली तर फ्यूगची अवघड जागा कळेल.

१८११ मध्ये कुटुंब बर्लिनला आले. फेलिक्स फॅनीपेक्षा सव्वातीन वर्षांनी लहान, आणि दोघांचे संगीतशिक्षण जवळजवळ एकत्र झाले: पियानो लुडविग बेर्गर यांच्याकडे, रचनाशास्त्र कार्ल फ्रीडरिश त्सेल्टर यांच्याकडे. तेरा वर्षांची असताना फॅनीने वडिलांच्या वाढदिवसाची भेट म्हणून बाखचे चोवीस प्रिल्यूड न पाहता वाजवून दाखवले. ही कवितेसारखी पाठ करून म्हणण्याची गोष्ट नाही. चोवीस स्वतंत्र रचना, चोवीस निरनिराळ्या स्वरपट्ट्यांमधल्या, दोन्ही हातांनी, आणि समोर कागद नाही. पुढे त्सेल्टर यांनी कवी गटे यांना फॅनीबद्दल कळवताना ‘ती पुरुषासारखी वाजवते’ असे लिहिले. त्या काळात बाईच्या वादनाची याहून मोठी स्तुती करण्यासाठी त्यांच्याकडे शब्द नव्हता, आणि तिच्या वाट्याला पुढे जे आले त्याचे मूळही त्याच शब्दात आहे.

दागिना की पाया

१८२० च्या जुलैमध्ये अब्राहम यांनी आपल्या चौदा वर्षांच्या मुलीला एक पत्र लिहिले. संगीत फेलिक्सचा कदाचित व्यवसाय होईल, पण तुझ्यासाठी ते केवळ दागिना असू शकते आणि असलेच पाहिजे, तुझ्या जगण्याचा पाया ते कधीही होता कामा नये, असा त्याचा आशय आहे. आठ वर्षांनी तिच्या वाढदिवशी लिहिलेल्या पत्रात त्यांनी पुन्हा बजावले, की मुलीचे खरे आणि एकमेव कार्य गृहिणी होणे हेच आहे आणि त्याची तयारी तिने अधिक मनापासून करावी.

ही पत्रे वाचून अब्राहम यांना केवळ जुनाट बाप म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. पण शिकवण्यात त्यांनी मुलगी म्हणून कुठेही हात आखडता घेतला नव्हता, आणि तीच गोष्ट मला अधिक अस्वस्थ करते. मुलीला सर्व काही शिकवायचे, तिचे कौतुक करायचे, चारचौघांत तिला वाजवायला बसवायचे, आणि मग ज्या उंबरठ्यावर कलेचे काम होते तिथेच थांबवायचे, ही रीत जर्मनीतल्या एका शतकापुरती मर्यादित नव्हती. शिक्षण नाकारलेल्या बाईचे नुकसान निदान दिसते, कारण तिच्या हातात काहीच नसते. फॅनीच्या हातात साडेचारशेहून अधिक रचना होत्या, त्यांपैकी सुमारे अडीचशे गाणी, आणि त्यांतल्या जिवंतपणी तिच्या नावाने छापल्या गेलेल्या रचना एक-दशांशही भरत नाहीत.

मग ती लपून लिहीत होती का?

अजिबात नाही. ३ ऑक्टोबर १८२९ रोजी तिचे लग्न चित्रकार विल्हेल्म हेन्झेलशी झाले. लग्नासाठी ऑर्गनवर वाजवायचे संगीत फेलिक्सने द्यायचे ठरले होते, पण तो लंडनमध्ये गाडीच्या अपघातात पायाला इजा होऊन पडून होता. तेव्हा नवरीनेच आदल्या रात्री बसून स्वतःच्या लग्नाचे संगीत पुरे केले. विल्हेल्मला स्वतःला संगीतातले फारसे कळत नव्हते, पण बायकोने लिहीत राहावे आणि छापावे यासाठी त्या घरात सर्वांत जास्त आग्रह धरणारा माणूस तोच होता.

१८३१ पासून फॅनीने बर्लिनच्या लाइपत्सिगर रस्त्यावरील तीन नंबरच्या घरात रविवारच्या मैफली नव्याने सुरू केल्या. बागेकडे उघडणाऱ्या मोठ्या दालनात दोन-अडीचशे माणसे बसत. कार्यक्रम ती ठरवी, गायकवृंदाची तालीम ती घेई, पियानोवर ती बसे, आणि कधी बाख, कधी बेथोव्हेन, कधी स्वतःचे संगीत सादर होई. पुढे फ्रान्झ लिस्ट आणि क्लारा शूमान या नामवंत पियानोवादकांनीही त्या दालनात हजेरी लावली. १८३४ मध्ये तिथे तिची सी मेजर या स्वरपट्टीतली ओव्हर्चर, म्हणजे वाद्यवृंदासाठीची स्वतंत्र सुरुवातीची रचना, एका नाट्यगृहाच्या वादकांनी वाजवली तेव्हा संचालनाची काठीही तिच्या हाती देण्यात आली. भावाला लिहिलेल्या पत्रात ती म्हणते, की प्रत्येक हातवाऱ्याला संकोच वाटला नसता तर आपण बऱ्यापैकी संचालन केले असते. आज त्या पत्त्यावर जर्मन संसदेच्या वरिष्ठ सभागृहाची, बुंडेसराटची, इमारत आहे.

मात्र या सगळ्याला घराच्या भिंती होत्या. श्रोते आमंत्रित असत, तिकीट नसे, आणि वर्तमानपत्रांच्या लेखी तो खासगी समारंभ असे. सार्वजनिक व्यासपीठावर तिने पियानो वाजवल्याची एकच ठळक नोंद आहे, ती फेब्रुवारी १८३८ मधल्या मदतनिधीच्या मैफलीची, आणि तिथेही तिने वाजवला तो फेलिक्सचा पियानो कन्चेर्टो, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंदासाठीची रचना.

त्या काळी बायकांना छापायला बंदी होती का? क्लारा शूमान तर छापत होती

हा आक्षेप बरोबर आहे आणि त्याचे उत्तर महत्त्वाचे आहे. बायकांच्या रचना छापण्यावर कायद्याची बंदी नव्हती. क्लारा शूमान शाळकरी वयापासून जाहीर मैफली करत होती आणि तिच्या रचना तिच्या नावाने छापल्या जात होत्या. पॅरिसमध्ये लुईझ फारांक हिने सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचना, लिहिल्या आणि १८४२ पासून तिथल्या कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे संगीत महाविद्यालयात, ती पियानोची प्राध्यापकही होती.

फरक कुटुंबांच्या स्थानाचा होता. क्लाराचे वडील संगीत शिकवणारे आणि पियानोचा व्यापार करणारे होते, त्यांच्या घरात संगीत हीच रोजीरोटी होती. फॅनीचे घर श्रीमंत बँकरचे. अशा घरातल्या बाईने पैसे घेऊन वाजवणे किंवा आपले संगीत दुकानात विकायला ठेवणे म्हणजे घराण्याला पैशांची गरज पडली असे लोकांना वाटण्याची भीती. त्यात हे कुटुंब मूळचे ज्यू. मुलांचा बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्मातला प्रवेश, १८१६ मध्ये झाला होता, आणि प्रशियाच्या, म्हणजे बर्लिन राजधानी असलेल्या त्या जर्मन राज्याच्या, समाजात नव्याने मिळवलेली जागा जपण्याची धडपड अजून संपलेली नव्हती, असे अनेक अभ्यासक मानतात आणि मलाही ते पटते. ज्या कुळाला आपली प्रतिष्ठा सतत सिद्ध करावी लागते, तिथे ती राखण्याचा भार बहुधा घरातल्या बायकांवरच टाकला जातो.

फेलिक्सने तिचे संगीत चोरले का?

तिची सहा गाणी फेलिक्सच्या ओपस ८ आणि ओपस ९ या संग्रहांत, प्रत्येकी तीन, त्याच्या नावाने छापली गेली, ही वस्तुस्थिती आहे. १८२० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि १८३० मध्ये हे संग्रह निघाले. फॅनीला ते माहीत होते, घरातही ते उघड होते. कदाचित निदान एवढ्या मार्गाने तरी आपले गाणे घराबाहेर जाते याचे तिला समाधानही असेल, पण तो माझा अंदाज आहे.

१८४२ मध्ये फेलिक्स बकिंगहॅम राजवाड्यात व्हिक्टोरिया राणीला भेटायला गेला, तेव्हा राणीने त्याच्याच संग्रहातले एक गाणे निवडून त्याच्यासमोर गायले. गाणे होते ‘इटालिएन’, म्हणजे ‘इटली’. ते संपल्यावर, हे गाणे माझे नसून माझ्या बहिणीचे आहे, अशी कबुली त्याने दिली आणि मग स्वतःचे एखादे गाणे म्हणण्याची राणीला विनंती केली. ही हकिकत त्याने स्वतःच आईला पत्रातून कळवली आहे आणि ही कबुली देणे आपल्याला जड गेले, असेही त्यात लिहिले आहे. चोर मनुष्य हे करत नाही, पण एवढ्याने तो निर्दोषही ठरत नाही.

त्याचा खरा अडसर निराळा होता. आईने १८३७ मध्ये त्याला कळवले, की फॅनीला तिच्या रचना छापण्यासाठी तू उत्तेजन दे. फेलिक्सने उत्तर दिले, की तिने स्वतः ठरवले तर मी लागेल ती मदत करीन, पण मला जे योग्य वाटत नाही त्यासाठी उत्तेजन देणार नाही. ती घर सांभाळते, आणि रचनाकार होण्याची तिला ना ओढ आहे ना तिचा तो पिंड आहे. बहिणीच्या संगीतावर त्याचे अतोनात प्रेम होते, आपल्या रचना तो तिला दाखवत असे आणि तिचे मत मानत असे. तरीही बाईने पेशा पत्करण्याचा प्रश्न आला तिथे तो वडिलांच्याच शब्दांत बोलला. फॅनीनेही त्याच सुमारास लिहिले आहे, की छापण्याच्या बाबतीत आपली अवस्था दोन गवताच्या भाऱ्यांमध्ये उभ्या असलेल्या गाढवासारखी झाली आहे: नवऱ्याला ते हवे आहे आणि भावाला नको आहे.

चाळिसाव्या वर्षी पहिला ओपस

१८३९-४० मध्ये ती नवरा आणि मुलगा सेबास्टियान यांच्यासह इटलीत राहिली. रोममध्ये शार्ल गूनो या तरुण फ्रेंच संगीतकाराने तिला बाख आणि बेथोव्हेन न पाहता वाजवताना ऐकले आणि पुढे आपल्या आठवणींत एक असामान्य संगीतकार म्हणून तिच्याबद्दल लिहिले. घरच्या वर्तुळाबाहेरच्या लोकांनी तिला संगीतकार म्हणूनच मोजले, याचा तिच्यावर खोल परिणाम झालेला दिसतो, कारण परत आल्यावर १८४१ मध्ये तिने ‘दास यार’, म्हणजे ‘वर्ष’, ही पियानोची मोठी मालिका लिहिली. बारा महिन्यांच्या बारा रचना आणि शेवटी एक उपसंहार. तिची स्वच्छ प्रत फॅनी आणि विल्हेल्मने मिळून तयार केली. प्रत्येक महिन्याला निराळ्या रंगाचा कागद, वर विल्हेल्मने काढलेले छोटे चित्र, त्याखाली कवितेच्या ओळी आणि मग फॅनीच्या हातचे स्वर. ही प्रत डोळ्यांसमोर आणली, की घरात जपून ठेवलेली हाताने लिहिलेली पोथी आठवते. पोथीसारखीच ती घरातच राहिली, आणि छापली गेली १९८९ मध्ये.

१८४६ मध्ये बर्लिनच्या दोन प्रकाशकांनी तिच्याकडे रचना मागितल्या आणि या वेळी तिने होकार दिला. जुलैमध्ये फेलिक्सला लिहिलेल्या पत्रात एक वाक्य आहे, ज्यावर थांबल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. चौदाव्या वर्षी मला वडिलांची जशी भीती वाटत होती तशी चाळिसाव्या वर्षी भावांची वाटते, असे तिने लिहिले आहे, आणि लगेच, भीती हा शब्द बरोबर नाही, माझ्या माणसांचे मन राखण्याची ही इच्छा आहे, अशी दुरुस्तीही केली आहे. फेलिक्सचे उत्तर ऑगस्टमध्ये आले आणि त्यात या व्यवसायासाठी त्याने आशीर्वाद दिला. ओपस १ म्हणून सहा गाणी तिच्या स्वतःच्या नावाने निघाली आणि त्यानंतर वर्षभराच्या आत आणखी काही संग्रह छपाईला गेले.

१४ मे १८४७ रोजी ती रविवारच्या मैफलीची तालीम घेत होती. फेलिक्सची एक कँटाटा, म्हणजे गायक आणि वाद्यवृंदासाठीची रचना, बसवायची होती. पियानोवर असताना तिचे हात बधिर झाले. मेंदूतील रक्तस्रावाने त्याच रात्री तिचा मृत्यू झाला तेव्हा ती एक्केचाळीस वर्षांची होती. आदल्याच दिवशी तिने एक गाणे लिहून पुरे केले होते. सहा महिन्यांनी, ४ नोव्हेंबरला, फेलिक्सही गेला. तिच्या आणखी काही रचना १८५० मध्ये छापल्या गेल्या, बाकीचे कागद कुटुंबाकडे आणि नंतर मुख्यतः बर्लिनच्या ग्रंथालयात गेले आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत फार थोड्यांनी ते उघडून पाहिले.

सोनाटाचा पत्ता कसा लागला?

सोनाटा म्हणजे एका किंवा दोन वाद्यांसाठीची, बहुधा तीन-चार भागांची मोठी रचना. प्रत्येक भागाची गती आणि भाव निराळा असतो. विलंबित ख्यालानंतर द्रुत यावा तसा हा बदल वाटेल, पण इथला प्रत्येक भाग आधीच पूर्ण लिहिलेला असतो. फॅनीने १८२९ च्या दैनंदिनीत ‘माझी ईस्टर सोनाटा’ असा उल्लेख केला आहे. म्हणजे तिने अशी रचना केली होती हे अभ्यासकांना ठाऊक होते, पण ती कुठेच सापडत नव्हती.

१९७० मध्ये पॅरिसमध्ये याच नावाचे एक हस्तलिखित पुढे आले. त्यावरचे नाव ‘एफ. मेंडेल्सोन’ असे होते. फॅनी आणि फेलिक्स या दोन्ही नावांचे रोमन लिपीतले आद्याक्षर एकच, आणि जगाला माहीत असलेला मेंडेल्सोनही एकच. त्यामुळे रचना फेलिक्सची मानली गेली आणि त्याच्या नावाने तिची ध्वनिमुद्रिका निघाली. हस्तलिखित खासगी मालकीचे असल्यामुळे काही अभ्यासकांना शंका असूनही ती तपासून पाहता येत नव्हती.

२०१० मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या अँजेला मेस या संशोधिकेला ते हस्तलिखित पॅरिसमध्ये प्रत्यक्ष पाहायला मिळाले. अक्षर फॅनीचे होते. त्याहून भक्कम पुरावा पानांच्या क्रमांकांत होता. बर्लिनमध्ये फॅनीची एक बांधीव वही आहे, तिच्यातली काही पाने कापून काढलेली होती, आणि वहीत जे क्रमांक नव्हते नेमके तेच क्रमांक पॅरिसमधल्या पानांवर होते. फाटलेल्या नोटेचे दोन तुकडे शेजारी ठेवावेत आणि क्रमांक जुळावा, तसेच हे. दैनंदिनीतला उल्लेख, अक्षर आणि पानांचे आकडे या तिन्हींचा रोख एकाच व्यक्तीकडे होता. २०१२ मध्ये ड्यूक विद्यापीठात आंद्रेआ लाम यांनी ही सोनाटा पहिल्यांदा फॅनीच्या नावाने वाजवली.

ऐकून ओळखता आले नसते का?

रागदारीच्या जाणकाराला चार आवर्तनांत घराणे कळते, मग इथे इतकी वर्षे कोणाला कसे कळले नाही, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. त्याचे उत्तरही घराण्यातच आहे. दोघे एका घरात, त्याच गुरूंकडे, तेच बाख वाजवत वाढले. विशीच्या आतबाहेर लिहिलेल्या त्यांच्या रचनांत साम्य असणे स्वाभाविकच आहे. बहीण भावासारखी लिहिते असे सहज म्हटले जाते, पण फॅनी सव्वातीन वर्षांनी मोठी होती आणि दोघांचे धडे शेजारी बसून झाले. कोणाकडून कोणाकडे काय गेले हे ठरवताना वाहती दिशा एकच धरून चालणे चूक आहे.

तरी फरक आहेत, आणि सवय झाली की ते कानाला जाणवतात. फेलिक्सच्या रचनांचा आराखडा बहुधा स्वच्छ आणि समतोल असतो. फॅनी अनपेक्षित ठिकाणी स्वरपट्टी बदलते, एखादी कल्पना मध्येच सोडून दुसरीकडे वळते, आणि भागांच्या सीमा ओलांडायला कचरत नाही.

हे कौतुक ती बाई होती म्हणून तर नाही?

हा आक्षेप सभ्य शब्दांत नेहमी घेतला जातो, आणि ईस्टर सोनाटाने त्याला परस्पर उत्तर दिले आहे. ही रचना फेलिक्सच्या नावावर सुमारे चाळीस वर्षे राहिली. तिला तिथून हलवले ते पानांच्या क्रमांकांनी, दर्जाच्या तक्रारीने नव्हे.

याचा अर्थ तिचे सगळेच काम सारख्या तोडीचे आहे असे नाही, आणि तसे म्हणून तिचा मान वाढणार नाही. १८३४ च्या तिच्या स्ट्रिंग क्वार्टेटवर, म्हणजे चार तंतुवाद्यांच्या रचनेवर, फेलिक्सने टीका केली तेव्हा तिने पुढच्या वर्षी लिहिले, की लांबलचक रचनेत कल्पना शेवटपर्यंत तोलून धरण्याची ताकद आपल्याला कमी पडते आणि म्हणून आपल्याला गाणी अधिक जमतात. इथे मला तिच्याशी पूर्ण सहमत होता येत नाही. मोठ्या रचनेची ताकद ती रचना वाजलेली ऐकून, चुकून, पुन्हा लिहून येते. फेलिक्सला विशी-पंचविशीत वाद्यवृंद हाताशी मिळाले, फॅनीला क्वचित. ते क्वार्टेट छापले गेले १९८८ मध्ये. आयुष्याच्या शेवटच्या महिन्यांत तिने लिहिलेली डी मायनर या स्वरपट्टीतली पियानो ट्रायो, म्हणजे पियानो, व्हायोलिन आणि चेलोसाठीची रचना, ऐकली, तर १८३५ ची ती कबुली तिच्याबद्दलचा शेवटचा निकाल नव्हता हे लगेच लक्षात येते.

ऐकायचे कुठून सुरू करावे?

ज्यांना पाश्चात्त्य संगीताची सवय नाही त्यांनी आधी ‘वर्ष’मधला सप्टेंबर ऐकावा. उजव्या हाताचे स्वर पाण्यासारखे सतत वाहत राहतात आणि खरी चाल त्यांच्या खालून, मधल्या पट्टीत चालत जाते. ती चाल एकदा सापडली, की दुसऱ्यांदा ऐकताना कान आपोआप तिथेच जातो. त्यानंतर मार्च ऐकावा, ज्यात ईस्टरचे जुने जर्मन भक्तिगीत आधी शांतपणे येते आणि मग फुलत जाते.

मग ईस्टर सोनाटा. तिच्या दुसऱ्या भागात आईला बोटांत दिसलेला फ्यूग आहे. तेवीस वर्षांच्या आत असलेल्या मुलीने तो बाखकडून घेतला असला, तरी त्यातली खिन्नता तिची स्वतःची आहे. तिसरा भाग हलका आणि चपळ आहे. शेवटच्या भागात ख्रिस्ताच्या मृत्युसमयीचा भूकंप आणि जेरुसलेमच्या मंदिराचा पडदा फाटण्याचा प्रसंग आहे असे मानले जाते. डावा हात खालच्या पट्टीत गडगडत राहतो, आणि त्या गोंधळातून ‘ख्रिस्ता, देवाच्या कोकरा’ हे चर्चमध्ये सर्वांनी मिळून म्हणायचे भजन वर येते. ज्या श्रोत्यांनी ही रचना पूर्वी फेलिक्सची म्हणून ऐकली होती, त्यांनी ती पुन्हा एकदा, बर्लिनच्या त्या वहीतली रिकामी जागा मनात ठेवून ऐकावी.